झोपेत दात खाणे : ओळखावे कसे, आवरावे कसे



उसावरील रोगांविषयी या पत्रिकेत नेहमीच लिहिले जाते. काणी, गवताळ वाढ, तांबेरा, लोकरी मावा यांची लक्षणे आपणा सर्वांना तोंडपाठ आहेत. बांधावरून नुसती नजर टाकली तरी फडात काय बिघडले आहे ते आपण सांगतो. परंतु स्वतःच्या तोंडात काय चालले आहे, हे मात्र दाढ ठणकू लागेपर्यंत कोणी पाहत नाही. म्हणून या अंकात एका साध्या दिसणाऱ्या, पण वर्षानुवर्षे नुकसान करीत राहणाऱ्या तक्रारीविषयी लिहीत आहोत. ती म्हणजे झोपेत दात खाणे.

विषय निवडण्याचे कारण मोऱ्याहून आलेले एक पत्र. मोरा म्हणजे उरणजवळचे बंदर. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच लागते ते. शेजारचे न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले आणि तेव्हापासून आपल्या भागातील काही मुले त्या बाजूला कामाला जाऊ लागली. अशाच एका सभासदाचा मुलगा मोऱ्याला तिघांबरोबर खोली घेऊन राहतो. काम पाळीचे, आठवडा बदलला की झोपेची वेळ बदलते. खोलीतले सोबती म्हणतात, "हा रात्री खडे चावतो, आम्हाला झोप लागत नाही." गावी आल्यावर आई म्हणाली, "जंत झाले असतील, औषध घे." औषध दोनदा घेऊन झाले, आवाज थांबला नाही, आणि आता वरच्या सुळ्याचे टोक सपाट झाले आहे. "यावर इलाज आहे का, की असेच चालायचे?" असा त्याचा प्रश्न आहे. अशी माणसे घरोघरी असतात, म्हणून उत्तर सर्वांसाठी देत आहोत.

हे नेमके काय असते?

आपल्या भाषेत संतापलेला माणूस दात-ओठ खातो. झोपेत दात खाणाऱ्याला मात्र राग आलेलाच असतो असे नाही, आणि त्याला आपण दात खातो याचा पत्ताही नसतो. झोपेत जबड्याचे स्नायू आपोआप आवळले जातात. काही वेळा वरचे-खालचे दात नुसते घट्ट दाबले जातात, तेव्हा आवाज येत नाही. काही वेळा ते एकमेकांवर घासतात आणि मग करकर ऐकू येते. वैद्यकात याला ब्रक्सिझम म्हणतात. फ्रान्समध्ये १९०७ साली यावर लिहिले गेले आणि ब्रक्सिझम हा शब्द १९३१ पासून रूढ झाला. म्हणजे तक्रार नवी नाही. प्रौढ माणसांत शंभरापैकी सुमारे आठ जणांना ही सवय असते. लहान मुलांत प्रमाण यापेक्षा बरेच जास्त, तर म्हातारपणी कमी आढळते.

जेवताना आणि गिळताना मिळून दिवसभरात वरचे-खालचे दात एकमेकांना टेकतात ते जेमतेम वीस मिनिटांच्या आसपास. शिवाय जेवताना मध्ये घास असतो, आणि खडा लागला तर आपण लगेच थांबतो. झोपेत घास नाही आणि थांबवणारेही कोणी नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात झोपेतील हा दाब मोजला होता. सरासरी दाब सुमारे २२ किलो निघाला आणि सर्वांत जास्त ८१ किलो. युरियाचे पोते ४५ किलोचे. जवळजवळ दोन पोत्यांचा भार एका दाढेवर, हे ध्यानात घ्यावे.

गव्हाणीत ऊस नसताना रोलर एकमेकांवर दाबून फिरवले तर त्यांच्या दात्यांचे काय होईल, हे कारखान्यातील कोणत्याही फिटरला विचारा. फरक इतकाच की रोलरची झीज बंद हंगामात भरून काढता येते. दातावरचे कठीण आवरण, ज्याला इनॅमल म्हणतात, ते शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य खरे, पण एकदा गेले की पुन्हा उगवत नाही. त्याला खोडवा नाही.

जबडा रात्री का चालतो?

झोप रात्रभर एकसारखी नसते. मेंदू अधूनमधून काही सेकंद जागेपणाच्या उंबरठ्यावर येतो आणि पुन्हा झोपतो. आपल्याला सकाळी त्याची आठवण नसते. अशा वेळी आधी हृदयाचे ठोके वाढतात, आणि मागोमाग जबड्याचे स्नायू साधारण सेकंदाला एक अशा लयीने आवळू लागतात. हे बहुतेक वेळा हलक्या झोपेत घडते. जबड्याची अशी थोडीफार हालचाल निरोगी माणसांतही दिसते. दात खाणाऱ्यात ती वारंवार आणि जोराने होते, एवढाच फरक.

पूर्वी असे मानत की वरचे-खालचे दात नीट जुळत नाहीत म्हणून माणूस दात खातो. त्यामुळे चांगले दात कानशीने घासून जुळवून देण्याची पद्धत होती. आता ती समजूत मागे पडली आहे. मूळ दातात नसून मेंदूच्या झोपेच्या व्यवहारात आहे. त्याला खतपाणी घालणाऱ्या गोष्टी पुढीलप्रमाणे :

१. काळजी आणि ताण. कर्ज, कोर्टकचेरी, मुलीचे लग्न, उसाला तोड कधी येणार याची चिंता.

२. विडी-सिगारेट. ओढणाऱ्यांत हे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळते.

३. दारू, आणि रात्री उशिरा घेतलेला कडक चहा किंवा कॉफी.

४. घराण्यातील सवय. आई-वडिलांना असली तर मुलांत दिसण्याचा संभव जास्त.

५. काही औषधे. नैराश्य व चिंतेवरच्या फ्लुओक्झेटिन, सर्ट्रालिन, व्हेनलाफॅक्सिन यांसारख्या गोळ्यांनी काहींना हा त्रास सुरू होतो. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नये. ज्यांनी दिली त्या डॉक्टरांना सांगावे, ते मात्रा किंवा औषध बदलून देऊ शकतात.

६. छातीत जळजळ, आंबट पाणी वर येणे.

७. मोठ्याने घोरणे आणि झोपेत श्वास अडखळणे. हे सर्वांत महत्त्वाचे आहे, पुढे त्यावर वेगळे लिहिले आहे.

आणि जंत?

"पोर दात खातंय, पोटात जंत झालेत," हे आपण आजीच्या तोंडून ऐकत आलो. परंतु जंतांमुळेच दात खाल्ले जातात असा भक्कम पुरावा मिळालेला नाही. पोटात जंत नसलेली कितीतरी मुले दात खातात. याचा अर्थ जंताचे औषध देऊ नये असा मात्र नाही. जंतांनी रक्त कमी होते, वाढ खुंटते. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला १ ते १९ वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत व शाळेत अल्बेंडाझोलची गोळी मोफत देतात. ती जरूर द्यावी. पण ती जंतांसाठी. तिने दात खाणे थांबले नाही म्हणून पुन्हा-पुन्हा औषध पाजत बसू नये. यातच महिने जातात, आणि दात झिजत राहतात.

ओळखावे कसे?

या तक्रारीचा पहिला परीक्षक म्हणजे शेजारी झोपणारा माणूस. घरच्या मंडळींनी करकर ऐकली तर हसण्यावारी नेऊ नये आणि झोपलेल्याला गदागदा हलवूही नये. सकाळी शांतपणे सांगावे. एकटे झोपणाऱ्याने मोबाईलवर आवाज मुद्रित करून पाहावा. याशिवाय पुढील खुणा पाहाव्यात :

सकाळी उठल्यावर जबडा दमलेला, आखडलेला वाटणे आणि दुपारपर्यंत सैल होणे. उठल्याबरोबर दोन्ही कानशिले दुखणे. कानापुढे दुखणे किंवा तोंड उघडताना कट्ट असा आवाज येणे. जबड्याचा सांधा कानाला लागूनच असतो, त्यामुळे कान दुखतो असे वाटून कानात तेल सोडले जाते आणि कान मात्र बिनदोष असतो. गार पाण्याने, आंब्याच्या लोणच्याने दात शिवशिवणे. भरलेली चांदी किंवा बसवलेली कॅप पुन्हा-पुन्हा निघणे. जिभेच्या कडेवर दातांचे ठसे उमटणे.

आता आरसा घेऊन उजेडात उभे राहा. सुळ्यांची टोके टोकदार आहेत की सपाट झाली? पुढचे दात काठावर एका रेषेत कापल्यासारखे दिसतात का? दाढांवरचे उंचवटे जाऊन मध्ये पिवळसर खळगे दिसतात का? मग गालांवर बोटे ठेवून दात आवळा. गालाचा स्नायू गोट्यासारखा फुगून वर येत असेल, तर त्याला रात्री बराच व्यायाम होतो आहे असे समजावे.

मात्र झिजलेला प्रत्येक दात रात्रीच झिजतो असे नव्हे. मिश्री, राखुंडी किंवा विटेची पूड घासणाऱ्यांचे दात बाहेरच्या बाजूने, हिरडीजवळ झिजतात. दात खाणाऱ्याचे दात चावण्याच्या बाजूने झिजतात, आणि वरच्या दाताची सपाटी खालच्या दाताच्या सपाटीवर बरोबर बसते. सुपारी चघळणाऱ्यांच्या दाढाही झिजतात. जुनी झीज कधीकाळची आहे आणि आज ती चालू आहे की थांबली आहे, हे दंतवैद्यच नीट सांगू शकतात.

याला दात खाणे समजू नये

तीन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांत वेळ दवडणे धोक्याचे आहे.

पहिली, रात्री दात आवळून अंगाला झटके येणे, जीभ चावली जाणे, अंथरुणात लघवी होणे. हे फेफरे असू शकते.

दुसरी, जखम झाल्यानंतर काही दिवसांनी दातखीळ बसणे, तोंड उघडता न येणे. धनुर्वाताची शंका घेऊन तडक इस्पितळ गाठावे.

तिसरी, गुटखा, मावा, सुपारी खाणाऱ्याचे तोंड महिन्या-महिन्याने कमी उघडणे आणि तिखट न सोसणे. हा तोंडातील त्वचा आतून आखडण्याचा रोग असून पुढे त्यातून कर्करोग होऊ शकतो. असे असेल तर गुटखा, सुपारी त्याच दिवशी बंद करून तपासणी करून घ्यावी.

घोरणाऱ्याने विशेष लक्ष द्यावे

दात खाणारा माणूस मोठ्याने घोरत असेल, मध्येच श्वास थांबून गचका देऊन पुन्हा सुरू होत असेल, आणि दिवसा बसल्या जागी डुलकी लागत असेल, तर ही बाब केवळ दातांची राहत नाही. झोपेत घसा बंद होऊन श्वास अडतो, त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. त्याने रक्तदाब वाढतो आणि हृदयावर भार येतो. गळीत हंगामात रात्री दोन ट्रॉल्या जोडून ट्रॅक्टर चालवणाऱ्याला अशी एक डुलकी किती महाग पडेल हे सांगायला नको. अशांनी दातांच्या आधी श्वासाची तपासणी करावी. ही तपासणी रात्रभर झोपवून यंत्राने करतात. काहींना नाकावर लावायचे हवेचे यंत्र दिले जाते, आणि श्वास सुधारला की दात खाणेही कमी झाल्याचे काहींत दिसते.

घरच्या घरी काय करावे?

दिवसा स्वतःला पकडावे. मोटर सुरू करताना, ओझे उचलताना, हिशेब करताना दात आवळलेले आहेत का? विश्रांतीच्या वेळी ओठ मिटलेले, पण दात सुटे, आणि जीभ वर टाळूला टेकलेली, अशी ठेवण असावी. दिवसातून दहा वेळा आठवण करावी, म्हणजे सवय लागते.

संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळावी. विडी, तंबाखू, दारू सोडावी, निदान झोपण्यापूर्वी तरी नकोच. झोपण्याआधी गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने दोन्ही गाल दहा-पंधरा मिनिटे शेकावेत. जबडा दुखत असेल त्या दिवसांत ऊस दाताने सोलून खाणे, फुटाणे, कडक भाकरीचा पापुद्रा यांना रजा द्यावी. दाताने बाटलीचे झाकण किंवा सुतळी तोडू नये.

रात्रीची लाईट आणि पाण्याची पाळी आपल्या हातात नाही, हे आम्हांला माहीत आहे. तरीही पाण्यावरून आल्यावर जी झोप मिळेल ती अंधारात, सलग मिळावी एवढे घरच्यांनी पाहावे. मोऱ्याच्या मुलानेही रात्रपाळीच्या आठवड्यात दिवसा खिडकीला जाड पडदा लावून, मोबाईल दूर ठेवून, रोज एकाच वेळी झोपावे. तुटक झोप जितकी कमी, तितके मेंदूचे ते उंबरठ्यावर येणे कमी.

दंतवैद्य काय करतात?

खरे ते आधी सांगतो. दात खाणे कायमचे बंद करील अशी गोळी नाही. कोणी तसे आश्वासन देत असेल तर सावध राहावे. पण दात वाचवण्याची खात्रीची सोय आहे. तोंडाचा साचा घेऊन कडक प्लास्टिकसारख्या ॲक्रिलिकचे कवच करतात. ते बहुधा वरच्या दातांवर बसते. त्याला नाईट गार्ड किंवा स्प्लिंट म्हणतात. ते रोज रात्री लावून झोपायचे. जबडा चालेल तो कवचावर चालेल, झिजेल ते कवच, दात नव्हे. पहिले चार-सहा दिवस अवघडल्यासारखे वाटते, लाळ जास्त सुटते, मग सवय होते.

गरम पाण्यात मऊ करून दाताने दाबून बसवायची तयार रबरी कवचे बाजारात मिळतात. ती स्वस्त असली तरी विचारून घ्यावीत. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दहा जणांना दोन्ही प्रकार लावून पाहिले. कडक कवचाने आठ जणांच्या स्नायूंची रात्रीची हालचाल कमी झाली, तर मऊ कवचाने पाच जणांची उलट वाढली. दहा माणसे म्हणजे थोडीच, पण इशारा पुरेसा आहे. घोरण्याचा व श्वास अडकण्याचा त्रास असेल तर तेही आधी सांगावे, कारण काहींना वरच्या कवचाने श्वासाचा त्रास वाढू शकतो.

कवच सकाळी गार पाण्याने आणि ब्रशने धुवावे. उकळत्या पाण्यात टाकू नये, वाकडे होते. डबीत ठेवावे आणि दर तपासणीला बरोबर न्यावे. कवचावर उमटलेल्या खुणांवरून झीज किती चालू आहे ते डॉक्टरांना कळते.

दाढेला तडा गेला असेल तर चावताना किंवा चावून सोडताना एकदम कळ येते. असा दात लवकर दाखवावा, वेळेवर कॅप बसली तर तो वाचू शकतो. गालाच्या स्नायूत बोट्युलिनमचे इंजेक्शन देण्याचाही उपाय आहे. त्याने दाब काही महिने कमी होतो, पण ते महाग असून पहिला उपाय नव्हे. आणि केवळ दात खाता म्हणून चांगले दात घासून जुळवून देतो, असे कोणी म्हणाले तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये. घासलेले परत येत नाही.

लहान मुलांचे काय?

मुलांत बहुधा ही सवय वयाबरोबर आपोआप जाते. जबडा वाढत असतो, म्हणून सहसा कवच देत नाहीत. मात्र मूल तोंडाने श्वास घेत असेल, घोरत असेल, झोपेत तळमळत असेल, तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. टॉन्सिल किंवा नाकामागील गाठी वाढलेल्या असू शकतात. मुलाला रागावू नये, चिडवू नये. शाळेत किंवा घरात कसली भीती आहे का, एवढे प्रेमाने विचारावे.

दाखवावे कोठे?

ऊसपट्ट्यातील सभासदांना लोणी, कराड, सांगली येथील दंत महाविद्यालये जवळ पडतील. महाविद्यालयांत विद्यार्थी काम करतात, पण शिक्षकांच्या देखरेखीखाली, आणि खर्च सहसा खाजगी दवाखान्यापेक्षा कमी येतो. खर्च आधी विचारून घ्यावा.

मोऱ्याच्या मुलाने आता लांब जायची गरज नाही. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल सुरू झाली. उरण स्थानकावरून नेरूळला आणि बेलापूरला थेट गाडी आहे आणि दोन्ही ठिकाणी दंत महाविद्यालये आहेत. मुंबईला जायचे असेल तर भरती-ओहोटी पाहून लाँच धरावी, कारण ओहोटीला मोऱ्याच्या धक्क्यापाशी गाळामुळे खोळंबा होतो. सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय भाऊच्या धक्क्यापासून फार दूर नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळची वेळ साधता येईल. जाताना सुरू असलेल्या गोळ्यांची पाकिटे आणि मोबाईलवरील आवाज बरोबर न्यावा. खोलीतल्या सोबत्यांना, आपण घोरतो का आणि श्वास थांबतो का, हे आधी विचारून ठेवावे. डॉक्टर हा प्रश्न नक्की विचारतील.

थोडक्यात

दात खाणे हा कोणाचा दोष नाही. ते दाबून ठेवण्याची किंवा थट्टेची गोष्ट नव्हे. आवाज ऐकणाऱ्याने सांगावे, दात खाणाऱ्याने आरशात पाहावे, घोरणे असेल तर आधी श्वासाची तपासणी करावी, आणि झीज दिसताच कवच करून घ्यावे. सवय जायची तेव्हा जाईल, तोवर दात तरी शाबूत राहतील. हंगामाच्या गडबडीत हे काम पुढे ढकलले जाते, म्हणून घरात ज्याची करकर ऐकू येते त्याची तपासणी फडाला तोड येण्यापूर्वीच उरकून घ्यावी, अशी सर्व सभासदांना आमची विनंती आहे.